समोर बसून बोलता आलं नाही, टेकडी चढताना आलं

गिरिपुष्प (पुणे)

बरेच दिवस लिहायचं मनात होतं, आज बसलेच.

माझं वय ५२. आईला स्मृतिभ्रंश होता, सहा वर्षं. शेवटची अडीच वर्षं ती मला ओळखत नव्हती, 'अहो बाई' अशी हाक मारायची. बँकेतली नोकरी मी तिच्यासाठीच सोडली होती. मागच्या दिवाळीच्या आधी ती गेली. तेराव्यापर्यंत घर भरलेलं होतं. चौदाव्या दिवशी सकाळी साडेपाचला मी सवयीने उठले, तिच्या गोळ्यांचा डबा उघडला आणि तशीच उभी राहिले. त्यानंतर झोप गेली. अन्नाची चव गेली. दाराची बेल वाजली की उघडूच नये असं वाटायचं.

आधी एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी रक्तदाब पाहिला, झोपेची गोळी लिहून दिली आणि म्हणाले, "बाहेर पडा, फिरायला जा, मन रमवा." चार मिनिटांत मी बाहेर. सल्ला चुकीचा नव्हता. पण फिरायला जायला जे लागतं तेच माझ्यात उरलेलं नव्हतं, आणि ते त्यांनी विचारलं नाही.

मग बहिणीने एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. शांत खोली, समोरासमोर दोन खुर्च्या, मध्ये टीपॉय, त्यावर टिश्यूचा खोका. चार सत्रं मी त्या खोक्याकडे बघत काढली. त्या विचारायच्या, मी "ठीक आहे" म्हणायचे. पन्नास मिनिटांत दहा वाक्यंसुद्धा नाहीत. वाईट याचं वाटायचं की त्या चांगल्या होत्या. माझ्याच घशाला कुलूप होतं.

चौथं सत्र संपताना त्या म्हणाल्या, "तुम्ही बसलात की दोन्ही हात मांडीखाली घेता. पुढचं सत्र आपण चालत घेऊन बघायचं का?"

आम्ही हनुमान टेकडीवर भेटायला लागलो, लॉ कॉलेज रोडच्या बाजूने. मंगळवारी सकाळी, पहाटेची नेहमीची मंडळी उतरून गेल्यावर. पहिल्या दोन वेळी मी झाडांबद्दल बोलले, नाही तर गप्पच. तिसऱ्या वेळी चढावर मला धाप लागली होती. त्या माझ्या डाव्या हाताला, अर्धं पाऊल मागे. मी वाटेवरच्या दगडांकडे बघत होते. आणि तोंडून निघालं, "आई गेली तेव्हा मला सगळ्यात आधी वाटलं, सुटले."

त्या थांबल्या नाहीत, माझ्याकडे वळल्या नाहीत. आम्ही दहा-बारा पावलं तशीच चाललो. मग त्या फक्त "हं" म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने, "आणि मग?" त्यानंतर पठारावर पोचेपर्यंत मी बोलत होते.

हे वाक्य मी खोलीत, त्या खुर्चीवर, कुणाच्या डोळ्यांत बघून कधीच बोलू शकले नसते. आता सात महिने झाले. झोप परत आली आहे, सगळी नाही. आईचा डबा मी अजून काढून टाकलेला नाही.

असं चालत-बोलत समुपदेशन इथे कुणी घेतलं आहे का? तुमच्या गावात कुणी करतं का? मोकळेपणाने लिहा.

बकुळ

गिरिपुष्पताई, वाचून गळा भरून आला. 'सुटले' हे माझ्याही मनात आलं होतं, सासूबाईंच्या वेळी. आजवर कुणापाशी बोलले नाही. इथे पहिल्यांदा लिहिते आहे.

एक शंका. टेकडीवर ओळखीचं कुणी भेटलं तर? आमचं गाव लहान आहे. कुणाबरोबर, कशासाठी चाललीस हे संध्याकाळपर्यंत घरी पोचतं.

सह्यभटक्या

लेख आवडला. पण एक प्रश्न मनापासून विचारतो, कुणाला दुखवायचं नाही. वीस वर्षं डोंगर फिरतो आहे. घटस्फोटानंतरचं एक वर्ष मी जवळजवळ दर रविवारी सिंहगड चढलो, एकटा. कुणाशी बोललो नाही, कुणाला पैसे दिले नाहीत, आणि सावरलो. मग उपचार चालण्यात आहे की समुपदेशकात? चालणं पुरेसं असेल तर लोकांना तेच सांगू या. ते फुकट आहे.

कानगोष्ट (ठाणे)

मी समुपदेशक आहे. गेली सहा-सात वर्षं काही सत्रं बाहेर, चालत घेते. दोघांच्याही प्रश्नांवर सविस्तर लिहिते.

आधी बकुळताईंचा प्रश्न. पहिलं सत्र मी कधीही बाहेर घेत नाही. दोन-तीन वेळा खोलीत भेटतो. माणूस कळतो, त्रास किती खोल आहे ते कळतं. मग विचारते. 'हो' आलं तर चालण्याआधीच चार गोष्टी ठरवतो. ओळखीचं कुणी दिसलं तर काय करायचं, ही त्यातली पहिली. कुणी म्हणतं, मी हात हलवून पुढे जाईन, तुम्ही बोलू नका. कुणी म्हणतं, मी थांबून बोलेन, तुम्ही दहा पावलं पुढे जा. मी कोण आहे ते मी आपणहून कुणालाही सांगत नाही आणि खोटी ओळखही देत नाही. गाव लहान असेल तर दोन स्टेशनं पलीकडची बाग निवडतो. खोलीत गोपनीयता चार भिंती सांभाळतात, बाहेर ती ठरवून सांभाळावी लागते. एवढी जोखीम राहते आणि ती आधीच स्पष्ट सांगणं माझं काम आहे.

वाट मी आधी एकटी चालून बघते. बसायला जागा कुठे, रिक्षा मिळेल असा रस्ता किती लांब, कुत्री कुठे. रडू आलं तर बाजूला थांबता येईल असे दोन-तीन आडोसे लक्षात ठेवते. चाल माझ्याकडे आलेल्या माणसाची, माझी नाही. तो थांबला की मी थांबते. पुष्कळदा मला हवं ते पावलांवरूनच कळतं. वडिलांचा विषय निघाला की पाय भराभर पडायला लागतात, आणि त्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो. अशा वेळी मी इतकंच म्हणते, "आपण आत्ता फार जोरात चालतोय, नाही?"

आता सह्यभटक्या यांचा प्रश्न. तुम्ही सावरलात, ते खरं आहे आणि मोलाचं आहे. चालण्याने बरं वाटतं यात वाद नाही. पण माणूस एकटा चालतो तेव्हा तीच टोचणी घेऊन दहा किलोमीटर जाऊ शकतो. माझ्याकडे येणाऱ्या काहींची हीच तक्रार असते. "रोज तासभर चालतो, पण तासभर तेच डोक्यात." मन रवंथ करत राहतं. तिथे शेजारी कुणी लागतं, ते तोडायला शिकवणारं. गिरिपुष्पताईंच्या समुपदेशकांनी 'सुटले' ऐकल्यावर जी दहा पावलं जाऊ दिली, ती शिकून आलेली दहा पावलं आहेत. आपल्यापैकी बहुतेकांनी घाईघाईने म्हटलं असतं, "असं नाही हो, तुम्ही किती केलंत आईसाठी!" आणि कुलूप परत लागलं असतं.

आणि हे सगळ्यांसाठी नाही. ज्यांना आत्महत्येचे विचार जोरात येत आहेत, भास होत आहेत, त्यांना मी बाहेर नेत नाही; त्यांना आधी मानसोपचारतज्ज्ञांची गरज असते. ज्यांचा खाण्याशी आणि वजनाशी झगडा चालू आहे, त्यांच्याबाबतीतही फार जपून. तिथे चालणं हाच आजाराचा भाग झालेला असू शकतो, पावलं मोजून उपाशी राहण्याचा.

पुरावा_हवा

अभ्यास काय सांगतात ते थोडक्यात मांडतो.

कानगोष्ट यांनी 'रवंथ' शब्द वापरला म्हणून आधी तो प्रयोग. २०१५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात ग्रेगरी ब्रॅटमन आणि सहकाऱ्यांनी ३८ निरोगी माणसांना ९० मिनिटं चालायला लावलं. निम्मे गवताळ, झाडं असलेल्या भागात, निम्मे वाहत्या रस्त्याच्या कडेने. निसर्गात चालून आलेल्यांचं स्वतःविषयीचं नकारात्मक घोळत बसणं कमी झालं आणि मेंदूच्या त्याच्याशी जोडलेल्या भागातली हालचालही मंदावली. रस्त्यावर चाललेल्यांत तो फरक दिसला नाही.

२०२२ मध्ये जामा सायकियाट्री या नियतकालिकात अनेक दीर्घ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण आलं. आठवड्याला अडीच तास भरभर चालण्याइतकी हालचाल करणाऱ्यांत नैराश्याचा धोका अजिबात हालचाल न करणाऱ्यांपेक्षा सुमारे २५ टक्के कमी आढळला. मला त्यातलं पुढचं वाक्य जास्त महत्त्वाचं वाटतं. त्याच्या निम्मी हालचाल करणाऱ्यांतही तो १८ टक्के कमी होता. म्हणजे सर्वांत मोठा फायदा शून्यावरून थोडंसं करण्यात आहे. २०२४ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात २१८ चाचण्यांचा आढावा आला. नैराश्य असलेल्यांवर चालणं-धावणं, योग आणि ताकदीचे व्यायाम यांचा चांगला परिणाम त्यात दिसला.

पण दोन गोष्टी नोंदवायला हव्यात. २०२२च्या विश्लेषणातलं नातं कार्यकारणाचं आहे असं ठामपणे म्हणता येत नाही; ज्यांना आधीच बरं वाटतं ते जास्त चालतात, असंही असू शकतं. आणि हे सगळं चालण्याबद्दल आहे, चालत केलेल्या समुपदेशनाबद्दल नाही. त्या दोन गोष्टी एक करू नयेत.

वऱ्हाडकर (नागपूर)

पुण्याची टेकडी वाचून बरं वाटलं, पण आमच्या इथे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास. सकाळी साडेसहालाच ऊन लागायला लागतं. अंबाझरी तलावाकाठी किंवा सेमिनरी हिल्सला जायचं तर पाचला निघावं लागते. त्या वेळी कोण समुपदेशक येणार?

डॉ_मनमोकळं

मानसोपचारतज्ज्ञ म्हणून दोन सूचना. नागपूरकरांनी उन्हाचा विषय काढला म्हणून पहिली.

लिथियम हे मनःस्थितीतले टोकाचे चढ-उतार आवरणारं औषध घेणाऱ्यांनी उन्हात लांब चालताना फार जपावं. घाम जाऊन शरीरातलं पाणी कमी झालं की रक्तातली लिथियमची पातळी वाढते, आणि त्याची विषबाधा गंभीर असते. हात जास्त थरथरणं, उलट्या, जुलाब, चालताना तोल जाणं असं काही दिसलं तर ताबडतोब डॉक्टर गाठा. इतरही काही मानसोपचाराच्या औषधांनी उष्णता कमी सहन होते. बाहेर चालायला सुरुवात करताना आपल्या डॉक्टरांना एवढं विचारा, "माझ्या गोळ्यांवर उन्हात चाललं तर चालेल का?"

दुसरी. चालून बरं वाटतं म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. नेमकं त्याच काळात माणूस चालायलाही लागतो आणि सगळं श्रेय पायांना देतो. अचानक बंद केल्यास चक्कर, चिडचिड, झोपमोड होते आणि आजार उलटू शकतो. शिवाय सतत थकवा आणि उदासी असेल तर थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्या. कमी थायरॉइडची उदासी कितीही टेकड्या चढून जात नाही.

रानातला (यवतमाळ जिल्हा)

सगळे प्रतिसाद वाचले. राग येऊ देऊ नका, पण आम्हाला कुणी 'चाला, बरं वाटेल' म्हटलं की काय बोलावं कळत नाही. कपाशीत निंदण, फवारणी, डवरणी, वेचणी. दिवसभर चालूनच असतो. फोनमध्ये पावलं मोजली तर पंधरा-वीस हजार भरतील. हिरवळ म्हणाल तर चारी बाजूला हिरवळच आहे. तरी आमच्याकडे माणसं फास घेतात.

माझा अनुभव सांगतो. तीन वर्षांमागे शेजारच्या वावरातला माझा वर्गमित्र गेला. त्यानंतर माझंही डोकं जाग्यावर नव्हतं. बँकेचं थकलेलं, वरून सावकाराचं. गावात आशाताई यायच्या, सरकारच्या प्रेरणा प्रकल्पाचा फॉर्म घेऊन. झोप येते का, भूक लागते का, जीव नकोसा वाटतो का. पडवीत बसून विचारायच्या. समोर माय बसलेली, बायको चहा घेऊन उभी. काय सांगणार माणूस? सगळ्याला 'नाही' म्हणालो.

ती बाई हुशार होती. फॉर्म पिशवीत टाकला आणि म्हणाली, "दादा, बोंडअळी लई पडली म्हणता, चला बरं वावरात, दाखवा मला." आम्ही धुऱ्याधुऱ्याने चाललो. मी पुढे, ती मागे. बोंड तोडून दाखवता दाखवता मी सगळं बोललो. तोंड तिच्याकडे नव्हतंच, कपाशीकडे होतं. परत येईपर्यंत तिने जिल्हा रुग्णालयात कोणत्या वारी जायचं, कोणाला भेटायचं ते सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर एसटीत बसून आली.

तिला या गोष्टीचं काही शिक्षण मिळालं असेल असं वाटत नाही. पण वरचं वाचलं तेव्हा मला कळलं, आमचं झालं ते हेच होतं.

कानगोष्ट (ठाणे)

रानातला दादा, मी तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. इतक्या वर्षांच्या कामात याहून चांगलं सत्र मी घेतलेलं नाही. त्या आशाताईंना काम होतं कीड बघायचं, निदान वरवर तरी. डोळ्यांना आणि हातांना काहीतरी करायला होतं. बाई-माणूस समोर बसून 'जीव नकोसा वाटतो का' विचारतंय, हे ओझं पुरुषमाणसाला फार जड जातं. विशेषतः घरातल्या बायकांसमोर.

तुम्ही म्हणता ते अगदी खरं आहे. कामाचं चालणं आणि मोकळं चालणं वेगळं. कामाचं चालताना डोक्यात हिशोब चालू असतो. तुमच्याजवळ पावलांची कमी नव्हती, सोबतीची होती.

सह्यभटक्या

मी माझा आधीचा मुद्दा मागे घेत नाही, पण थोडा बदलतो. रानातला यांचं वाचल्यावर आठवलं की मी 'एकटा' सिंहगड चढलो हे पूर्ण खरं नाही. वाटेवर एक ताकवाली आजी बसायची. दर रविवारी तिच्याजवळ मी वीस मिनिटं बसायचो. ती विचारायची, "आज बी एकलाच?" मी हो म्हणायचो. तेवढंच. पण ती विचारायची.

दिंडीतली_लेक

आमच्या घरचं सांगते. माझा भाऊ अपघातात गेला, २६ वर्षांचा. बाबा बोलायचे थांबले. म्हणजे खरंच थांबले, 'हो', 'नाही', 'जेवण झालं' एवढंच. पुढच्या आषाढीला काका त्यांना बळेच वारीला घेऊन गेले, आळंदीहून. आयुष्यात कधी न गेलेला माणूस. पुण्याहून सासवडचा टप्पा सगळ्यात लांबचा, त्यात दिवे घाट. काका सांगतात, घाटात बाबांच्या शेजारी लातूरकडचे एक गृहस्थ चालत होते. त्यांनी आपण होऊन आपल्या गेलेल्या मुलीची गोष्ट सांगायला सुरुवात केली. घाट संपेपर्यंत बाबा ऐकत राहिले. आणि वर पोचल्यावर म्हणाले, "माझा मुलगा गेला."

त्या माणसाचं नाव आम्हाला माहीत नाही. तिथे सगळेच माउली.

आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. एकेका टप्प्याला शेजारचा माणूस बदलतो. ज्याला सांगितलं तो उद्या कुठे असेल माहीत नाही, म्हणून सांगता येतं, असं मला वाटतं. बाबा परत आले ते बरे होऊन नाही, पण बोलते होऊन आले. नंतर समुपदेशनाला तयार झाले ते त्यामुळेच.

लीड्सकर (इंग्लंड)

इथली व्यवस्था सांगतो, आपल्याकडे घेण्यासारखं त्यात काही आहे.

टाळेबंदीनंतर मला पॅनिक अटॅक यायला लागले. जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे गेलो. गोळ्यांबद्दल बोलणं झालंच, पण त्यांनी मला दवाखान्यातल्याच 'लिंक वर्कर'कडे पाठवलं. त्याचं काम आजार बघायचं नाही, माणसाला आसपासच्या गोष्टींशी जोडून द्यायचं. कुणाला बागकामाचा गट, कुणाला गाण्याचा, मला चालण्याचा. इंग्लंडच्या आरोग्यसेवेने २०२१ पासून सात भागांत निसर्गाशी जोडून देण्याचा असाच एक सरकारी उपक्रम चाचणी म्हणून राबवला. कॅनडात तर डॉक्टर चक्क चिठ्ठीवर 'निसर्गात वेळ घालवा' असं लिहून देतात. ब्रिटिश कोलंबियात २०२० मध्ये ते सुरू झालं, आणि २०२२ पासून तिथल्या राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पासही डॉक्टर देऊ शकतात.

आमच्या गटाने पहिल्या दिवशी जे केलं ते आपल्याकडे सहज करता येईल. लिंक वर्कर मला घ्यायला बसस्टॉपवर आला. गटापर्यंत एकट्याने चालत जाणं हीच सगळ्यात अवघड गोष्ट असते, हे त्यांना माहीत होतं. गिरिपुष्पताईंच्या डॉक्टरांच्या चार मिनिटांत जे राहून गेलं ते हेच.

बकुळ

बायकांच्या बाजूने एक लिहिते. मोकळी, झाडांची, शांत जागा म्हणजे आमच्यासाठी आधी भीतीची जागा. आमच्या गावाबाहेर माळ आहे, सुंदर आहे, पण तिथे एकटी बाई गेली की चार मुलं मोटरसायकल घेऊन घिरट्या घालतात. 'निसर्गात चाला' म्हणणाऱ्यांनी हे धरलेलं नसतं. मी सध्या गच्चीवर चालते. बेचाळीस फेऱ्या म्हणजे एक किलोमीटर.

गिरिपुष्प (पुणे)

बकुळ, हे मी लिहायला हवं होतं. टेकडीवर जाताना मी अजूनही फोन हातात धरते. समुपदेशक बाई सोबत असतात म्हणून मी तिथे बोलू शकते, नाही तर अर्धं लक्ष मागच्या पावलांच्या आवाजाकडे असतं. जागा सुरक्षित असणं ही उपचाराची पहिली अट आहे.

आणि जागा मुळात उरणं ही दुसरी. आमच्या वेताळ टेकडीवरून बालभारती ते पौड फाटा रस्ता काढायचा विषय आला तेव्हा २०२३ मध्ये हजारो पुणेकर रस्त्यावर उतरले. मोर, पाणी, झाडं यांवर खूप बोललं गेलं, बोलायलाच हवं. पण त्या गर्दीत कितीतरी माणसं अशी असणार, ज्यांनी आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट त्या वाटेवर कुणाला तरी सांगितली आहे. त्यांची नोंद कुठे होणार? पर्यावरणाच्या अहवालात तो रकाना नसतो.

नवा_सदस्य_पिंपरी

हा धागा तीन दिवस वाचतोय. आज खातं काढलं.

वय ३४. आयटीत होतो, मार्चमध्ये कंपनीने काढलं. पत्नी माहेरी. सुरुवातीला अर्ज टाकले, आता ते पण बंद. दोन महिने झाले, सोसायटीच्या गेटच्या बाहेर गेलो नाही. जेवण ऑनलाइन. पडदे लावून असतो. टेकडी, वारी वगैरे वाचून उलट वाटतं की माझ्याने ते होणारच नाही.

कानगोष्ट (ठाणे)

बरं झालं लिहिलंत. आधी एक सरळ प्रश्न, आणि उत्तरही सरळ द्या. मरणाचे विचार येतात का? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का? असं विचारल्याने तो विचार डोक्यात भरवला जात नाही, म्हणून स्पष्ट विचारते आहे.

'हो' असेल तर हे वाचून होताच १४४१६ वर फोन करा. टेलीमानस आहे, सरकारी, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आणि घरातल्या एका माणसाला आत्ता कळवा, शक्य तर बोलवून घ्या.

नवा_सदस्य_पिंपरी

मरावं असं नाही. पण सकाळी उठलोच नाही तर बरं, असं वाटतं. आठवड्यातून दोनदा-तीनदा. काही करायचं ठरवलेलं नाही.

डॉ_मनमोकळं

हे सांगितलंत ते योग्य केलंत. उठलोच नाही तर बरं, हे वाटणंसुद्धा आजाराचं लक्षण आहे आणि त्यावर उपचार आहेत. या आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांना भेटायचं. खासगी परवडत नसेल तर सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात, केसपेपर काढून. जाताना भावाला, मित्राला, कुणालाही सोबत घ्या. आज १४४१६ वरही बोलून घ्या, त्यासाठी संकट टोकाला जायची वाट बघायची गरज नाही.

कानगोष्ट (ठाणे)

आणि टेकडीचं मनातून काढून टाका. आपल्याला वाटतं आधी उत्साह येईल, मग उठू. या आजारात क्रम उलटा लागतो. आधी अगदी लहान हालचाल, मग हळूहळू उत्साह. आज फक्त पडदा सरकवा. उद्या चपला घालून लिफ्टपर्यंत. तिथून परत आलात तरी ते मोजायचं. परवा गेट. जास्त करावंसं वाटलं तरी ठरलं तेवढंच करा.

नवा_सदस्य_पिंपरी

पाच दिवसांनी लिहितोय. त्या रात्री फोन केला. पलीकडच्या बाईंनी पंचवीस मिनिटं ऐकून घेतलं. मोठ्या भावाला सांगितलं, तो चिंचवडहून आला आणि इथेच राहिलाय. काल डॉक्टरांना दाखवलं, गोळी सुरू झाली, रक्त तपासायला दिलंय.

लिफ्ट, गेट झालं. काल संध्याकाळी भावाबरोबर कोपऱ्यावरच्या दूध डेअरीपर्यंत गेलो. दोनशे पावलं असतील. परतताना दोनदा थांबावं लागलं.

गिरिपुष्पताई, एक विचारू का? तुमच्या त्या टेकडीवर मध्ये बसायला जागा आहे का? लगेच नाही, कधीतरी.

गिरिपुष्प (पुणे)

आहे. चढ सुरू झाला की साधारण दीडशे पावलांवर डाव्या हाताला एक सपाट दगड आहे. दोन माणसं बसतील एवढा. मी पहिल्या महिन्यात दर वेळी तिथे बसायचे. त्याच्या पुढे एक गिरिपुष्पाचं झाड वाकलेलं आहे, नऊ वाजेपर्यंत त्याची सावली दगडावर असते.

मी समुपदेशक नाही, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांचं आणि गोळ्यांचं तुम्ही तिकडेच बघा. पण भावाला घेऊन याल तेव्हा मी येईन, माझी बहीणही येईल. दगडापर्यंत जाऊन परत आलो तरी चालेल. पाण्याची बाटली मी आणते.